मूल एकटीनं वाढवायचं असतं, हे कुणी ठरवलं?

पहिलं बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की बऱ्याच आया एक गोष्ट हळू आवाजात सांगतात. दिवसभर घरात ती आणि बाळ, दोघंच. अंघोळ, मालिश, दूध, झोपवणं, सगळं ती मनापासून करते. तरी संध्याकाळी वाटतं, आपल्याला आई होणं जमत नाहीये. आणि मग पुढचं वाक्य येतं : "आमच्या आजीनं सहा वाढवली. प्राणीसुद्धा आपापली पिल्लं वाढवतातच की. मग मलाच काय झालंय?"

आज मला या प्रश्नाबद्दल तुमच्याशी बोलायचंय. आजीनं सहा वाढवली तेव्हा घरात जावा होत्या, सासू होती, नणंद होती, थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटं होतं. हे आठवायला फार लांब जावं लागत नाही. प्राण्यांचं मात्र आपण ऐकीव गोष्टींवर धरून चालतो. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

राजस्थानात अबूच्या डोंगरावर १९७०च्या दशकात सारा ब्लाफर हर्डी नावाची एक तरुण अमेरिकन संशोधक वानरांचा अभ्यास करायला आली. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, आपल्याकडे देवळाच्या आवारात आणि गडांवर भेटणारे तेच हे वानर. टोळीत बाहेरून आलेला नर तान्ह्या पिल्लांना का मारतो, हे कोडं तिला सोडवायचं होतं. १९७७ साली तिचं अबूच्या वानरांवरचं पुस्तक आलं आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. मला मात्र त्याच वानरांमधलं दुसरं एक दृश्य तुमच्यापुढे ठेवायचंय.

वानराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची लव गडद असते आणि तोंड गुलाबीसर. राखाडी मोठ्यांच्या घोळक्यात ते लांबूनही ओळखू येतं. ते जन्मलं की काही तासांतच टोळीतल्या बाकीच्या माद्या भोवती जमतात. वास घेतात, हात लावतात आणि मग हळूच काढून घेतात. आई देते. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असं ते पिल्लू दिवसाचा मोठा भाग फिरत राहतं. सगळ्यांत उत्साह असतो तो अजून स्वतःचं पिल्लू न झालेल्या तरुण माद्यांना. त्यांना धड धरता येत नाही. कुणी उलटं धरते, कुणी फरपटत नेते. पिल्लू किंचाळलं की आई येऊन घेते किंवा दुसरी एखादी जाणती मादी ते ओढून घेते. तेवढ्या वेळात आईनं निवांत बसून पाला खाल्लेला असतो. दूध याच पाल्यातून तयार व्हायचं असतं, तेव्हा हा वेळ फार मोलाचा.

मग लाल तोंडाच्या माकडांची आई असं का करत नाही? ती पिल्लू पोटाशी घट्ट धरून ठेवते. त्यांच्या टोळीत मानाची उतरंड कडक असते. वरच्या दर्जाच्या मादीनं पिल्लू नेलं तर ती परत देईलच याची खात्री नसते आणि आई ते हिसकावून आणू शकत नाही. तसं नेलेलं पिल्लू भुकेनं मेल्याचीही उदाहरणं आहेत. वानरांच्या टोळीतल्या माद्या बहुतेक एकमेकींच्या नात्यातल्या असतात आणि मागितलं की पिल्लू परत मिळतं. म्हणजे आईचा जीव दोन्हीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो भोवतीच्या हातांवर भरवसा ठेवता येतो की नाही याचा. 'मी बाळ कुणाकडे देतच नाही' असं सांगणाऱ्या आईला लगेच हट्टी म्हणू नका, असं मी घरच्यांना म्हणते. तिला भरवसा का वाटत नाही, ते आधी विचारा. तिच्या हातून घेतलेलं बाळ 'बघ, माझ्याकडे कसं गप्प राहिलं' असा टोमणा मारून परत दिलं जात असेल, तर ती पुढच्या वेळी देणार नाहीच.

आता चिंपांझी. माणसाचे सगळ्यांत जवळचे नातलग म्हणून आपण नेहमी त्यांच्याकडे पाहतो. चिंपांझीची आई पहिले कितीतरी महिने पिल्लाला क्षणभरही अंगावेगळं करत नाही. दुसऱ्या कुणाला धरूही देत नाही. चार-पाच वर्षं दूध पाजते आणि पुढचं पिल्लू पाच-सहा वर्षांनी होतं. ओरांगउटानच्या दोन पिल्लांत तर सात-आठ वर्षांचं अंतर असतं. सगळं एकटीवर. टांझानियात गोंबेच्या जंगलात जेन गुडाल यांनी ज्या चिंपांझींना वर्षानुवर्षं पाहिलं, त्यांत फ्लो नावाची एक म्हातारी आई होती. तिचा धाकटा मुलगा फ्लिंट साडेआठ वर्षांचा झाला तरी तिला सोडत नसे. १९७२ मध्ये फ्लो गेली. फ्लिंटनं खाणं टाकलं आणि आईच्या पाठोपाठ तीनेक आठवड्यांत तोही गेला. ही गोष्ट आईच्या प्रेमाची थोरवी म्हणून सांगतात. मला ती वाचताना दरवेळी भीती वाटते. एका जिवाचा सगळा भार दुसऱ्या एकाच जिवावर असला तर काय होतं, ते तिथं दिसतं.

एकट्या आईचं चित्र आपल्या मनात इतकं पक्कं बसलं, त्याला एक कारण आहे. इंग्लंडचे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ साली आई-बाळाच्या बंधावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे दवाखान्यात दाखल झालेल्या लहान मुलांजवळ आईवडिलांना राहू देण्याची रीत आली. त्याआधी मुलं तिथं आठवडेच्या आठवडे एकटी रडत असत. बाळाला जवळचं माणूस अन्नाइतकंच लागतं, हे त्यांनी जगाला पटवलं. पण माणसाचं मूळ रूप शोधताना त्यांनी डोळ्यांपुढे ठेवले ते लाल तोंडाची माकडं, बबून, चिंपांझी आणि गोरिला. चारही जातींत आई पिल्लाला सदैव स्वतःजवळ ठेवते. त्यातून असं वाटायला लागलं की बाळ चोवीस तास आईच्या अंगावर असणं हीच निसर्गाची रीत. आपले वानर त्या यादीत असते, तर चित्र वेगळं दिसलं असतं. पुढे हर्डीनंच हा मुद्दा लावून धरला. ती स्वतः तीन मुलांची आई. माकडांपासून माणसापर्यंतच्या आयांचा अभ्यास तिनं पुढे अनेक वर्षं केला आणि २००९ साली आलेल्या पुस्तकात म्हटलं की माणूस चिंपांझीच्या वाटेनं आई झालेला नाही.

तिचा हिशोब साधा आहे. चिंपांझीचं पिल्लू दूध सुटलं की आपलं आपण खातं. माणसाचं मूल दूध सुटल्यावरही कितीतरी वर्षं दुसऱ्यानं आणलेलं खातं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांत ते स्वतःपुरतं अन्न मिळवायला लागतं तोवर अठरा-वीस वर्षं उलटतात. एक मूल मोठं व्हायला साधारण १ कोटी ते १ कोटी ३० लाख कॅलरी लागतात, असा अंदाज आहे. आणि अशा समाजांतल्या बाईला दर तीन-चार वर्षांनी पुढचं मूल होतं, म्हणजे चिंपांझीपेक्षा लवकर. सगळ्यांत जास्त काळ परावलंबी राहणारी मुलं, आणि तीही लवकर लवकर. एक बाई एवढं मिळवूच शकत नाही. बाप रोज शिकार आणेल याचाही भरवसा नाही. मग माणूस टिकला कसा?

टांझानियातच, एयासी तलावाच्या आसपास हाडझा नावाचे लोक राहतात. १९८०च्या दशकात क्रिस्टन हॉक्स आणि तिचे सहकारी त्यांच्यासोबत रानात हिंडले, कोण किती अन्न आणतं ते मोजत. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच दिसलं. साठी उलटलेल्या म्हाताऱ्या बायका कडक जमीन काठीनं खणून कंद काढायच्या आणि तरुण बायकांपेक्षा जास्त वेळ काम करायच्या. एरवी मुलाचं वजन त्याच्या आईच्या कष्टावर वाढायचं. पण आईला नवं बाळ झालं की मोठ्या मुलाचं वजन आजीच्या कष्टावर वाढायला लागायचं. आई तान्ह्यात गुंतली आणि दुसरं मूल उपाशी राहिलं नाही, ते आजीमुळे.

बाईची पाळी गेल्यावरही तिला इतकी वर्षं आयुष्य का असतं, याचं एक उत्तर इथं मिळतं. प्राण्यांत हे फार दुर्मीळ. बहुतेक माद्या मरेपर्यंत पिल्लं घालतात. समुद्रात मात्र दात असलेल्या देवमाशांच्या पाच जातींमध्ये आपल्यासारखंच होतं. ओर्का हा त्यातला सगळ्यांत जास्त अभ्यासलेला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९७०च्या दशकापासून एकेका ओर्काची ओळख पटवून नोंदी ठेवल्या जातात. मादी चाळिशीच्या आसपास पिल्लं घालायची थांबते आणि त्यानंतर कित्येक दशकं जगू शकते. सालमन मासा कमी असलेल्या वर्षी कळपाच्या पुढे बहुधा हीच म्हातारी असते. मासा कुठे सापडतो हे तिला ठाऊक असतं. अशी आजी गेली की पुढच्या दोन वर्षांत नातवंड दगावण्याचा धोका साडेचार पट वाढतो, असं २०१९ साली या नोंदींतून दिसून आलं.

आणखी एक नोंद आफ्रिकेतल्या गांबियाची. तिथल्या खेड्यांत १९५० पासून पंचवीसेक वर्षं माणसांच्या जन्ममृत्यूच्या आणि मुलांच्या वजनाच्या नोंदी नेमानं ठेवल्या गेल्या. पुढे रेबेका सिअर आणि रूथ मेस यांनी त्या तपासल्या. दूध सुटण्याच्या नाजूक वयात ज्या मुलांच्या आईची आई हयात होती, ती मुलं जास्त जगली होती. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, त्यामागे किती पिढ्यांचा अनुभव असेल, असं हे वाचताना माझ्या मनात आलं. आणि आज न्यू जर्सी किंवा सिएटलला मुलीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू नि आळीव बांधून विमानात बसणाऱ्या आज्या आठवल्या. आधी एक आजी, तिचा व्हिसा संपत आला की दुसरी. इंग्रजी येत नाही, थंडी सोसत नाही, तरी जातात. आज्यांनो, तुमच्या तिथं असण्याला माझ्या लेखी फार मोठा मान आहे. तुमची कंबर दुखते, तुम्हालाही तुमचं आयुष्य आहे, तेव्हा हे गृहीत धरू नये हेही खरं. मुलींनी आणि सुनांनी तो मान बोलून दाखवावा.

आता बाबांशी थोडं. 'बाळाचं आईलाच कळतं' असं म्हणून तुम्हाला बाजूला सारलं जातं आणि कधी तुम्ही स्वतःही सरता. ब्राझीलच्या जंगलात मार्मोसेट नावाची खारीएवढी माकडं आहेत. त्यांना बहुतेक वेळा जुळं होतं आणि दोन्ही पिल्लांचं वजन आईच्या वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा भरतं. एवढं ओझं घेऊन ती झाडावरून झाडावर उड्या मारू शकत नाही. बाप आणि थोरली भावंडं पिल्लांना पाठीवर वागवतात, पाजायच्या वेळी आईकडे नेऊन देतात. त्यांच्याच जवळच्या टॅमरिन माकडांत मदतीला कुणी नसलं तर आई पिल्लं टाकूनही देते. ती निर्दयी असते म्हणून नाही. एकटीनं होणारच नाही म्हणून.

माणसांतही मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांचे बाप दिवसाचा जवळजवळ अर्धा वेळ बाळापासून हाताच्या अंतरावर असतात. बॅरी ह्यूलेट यांनी तिथं राहून हे मोजलं. आणि शरीर त्याला साथ देतं, हा माझ्या दृष्टीनं गेल्या काही वर्षांतला सगळ्यांत आनंदाचा शोध. फिलिपीन्समधल्या सेबू इथल्या काही शे तरुणांची हार्मोन्स बाप होण्याआधी आणि नंतर तपासली गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन खूप उतरलेलं दिसलं. रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करणाऱ्या बापांत ते आणखी कमी होतं. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांनी बापांच्या मेंदूच्या चाचण्या केल्या. बाळाची मुख्य जबाबदारी उचलणाऱ्या बापांच्या मेंदूत, बाळासाठी सावध राहणारा भाग आयांच्या मेंदूसारखाच जागा झालेला होता. तेव्हा बाबा, बाळाचं कळायला तुम्हाला आधी बाळाचं करावं लागेल. कळणं मागून येतं. आणि आईसाहेब, त्यानं लंगोट वाकडा बांधला तर बांधू दे. तिथं उभं राहून सुधारू नका.

इथवर मोठ्यांचं झालं. पण हर्डीच्या म्हणण्यातला मला सगळ्यांत आवडणारा भाग बाळाबद्दलचा आहे. चिंपांझीच्या पिल्लाला आई आपल्याला घेईल का, याची काळजी नसते. ती त्याला धरूनच असते. माणसाच्या बाळाला मात्र हजारो पिढ्या वेगवेगळ्या हातांत राहावं लागलं. समोरचा कोण आहे, खूश आहे की वैतागलाय, आपल्याला घेईल का, हे त्याला ओळखावं लागलं. ज्या बाळांना हे साधलं, ती जास्त जगली. दुसऱ्याच्या मनात शिरून पाहण्याची माणसाची ताकद इथून वाढीला लागली, असं हर्डी मांडते. हे अजून सगळ्यांनी मान्य केलेलं नाही आणि लाखो वर्षांपूर्वीची बाळं आपल्याला पाहता येणार नाहीत. पण घरातलं बाळ पाहता येतं.

करून बघा. वर्षाच्या बाळासमोर बसा आणि डोकं न हलवता फक्त डोळे छताकडे न्या. बाळही वर बघण्याचा संभव पुष्कळ असतो. मायकेल टोमासेलो यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग बाळांवर आणि चिंपांझी, गोरिला, बोनोबो यांच्यावर करून २००७ साली मांडला. हे प्राणी मुख्यतः डोकं कुठे वळतंय ते पाहत होते, बाळं डोळे कुठे वळताहेत ते. आपल्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग असा ठळक आणि मोठा आहे की नजर कुठे गेली ते समोरच्याला लगेच दिसतं. आणि बाळाचं ते अर्थ नसलेलं बा-बा-दा-दा? चिंपांझीची पिल्लं तसं बडबडत नाहीत. सगळे मिळून पिल्लं वाढवणाऱ्या मार्मोसेट जातींतली एक अगदी छोटी जात आहे. तिची पिल्लं मात्र आपल्या बाळांसारखीच बडबडतात आणि त्यांचा आवाज ऐकून मोठे जवळ येतात. जिथं पुष्कळ जणांना बोलावून घ्यायचं असतं, तिथं गप्प राहून कसं चालेल? तुमचं बाळ लोकलमध्ये समोरच्या काकूंकडे टक लावून पाहतं आणि त्या हसेपर्यंत नजर काढत नाही, तेव्हा ते फार जुनी विद्या वापरत असतं.

मग पाळणाघरात ठेवावं का, हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल. काँगोच्या इतुरी जंगलातल्या एफे लोकांचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. तिथं बाळ जन्मल्यापासून हातोहात फिरतं; आईला दूध उतरेपर्यंत दुसऱ्या बायका पाजतात. साडेचार महिन्यांचं होईतो ते निम्म्याहून जास्त वेळ आईखेरीज इतरांकडे असतं आणि तरी आई कोण हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण ते सगळे हात ओळखीचे असतात. दर महिन्याला बदलणारे चेहरे आणि एका बाईच्या वाट्याला पंधरा बाळं, ही गोष्ट वेगळी. पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं आणि कॅमेरे नंतर बघा. सांभाळणाऱ्या मावशी तिथं किती वर्षं टिकल्यात, ते आधी विचारा. बाळ रडलं की कोण उचलतं आणि किती वेळानं, ते तासभर बसून पाहा. शेजारच्या निवृत्त काकू रोज तासभर बाळ घेऊन बसायला तयार असतील, तर संकोच सोडून हो म्हणा. आपण मदत मागितली म्हणजे कमी पडलो, हा हिशोब माणसाच्या जातीला लागू पडत नाही.

आणखी एक सांगायचंय, थोड्या मोठ्या मुलांच्या आईवडिलांना. त्या तरुण वानरमाद्या पिल्लू उलटं धरत होत्या, आठवतंय? धरता धरताच त्या शिकतात. विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांना आई आणि सोबती यांच्यापासून तोडून वाढवलं. क्रूर प्रयोग होता तो. अशा वाढलेल्या माद्यांना पुढे पिल्लं झाली तेव्हा त्यातल्या अनेकींना त्यांचं काय करायचं हेच कळेना. कुणी दुर्लक्ष केलं, कुणी इजा केली. आपली मुलं तशी तुटलेली नाहीत, देवाची कृपा. पण आज कितीतरी जण आयुष्यातलं पहिलं तान्हं बाळ हातात घेतात ते स्वतःचंच. धाकटं भावंड नसतं, चुलत-मामे भावंडं दुसऱ्या शहरात असतात आणि कुणाकडे बारशाला गेलं तरी मुलांना 'हात नको लावू, पडेल' म्हणून लांब ठेवलं जातं.

येत्या सुट्टीत घरात कुणाचं तान्हं आलं, तर तुमच्या दहा वर्षांच्या मुलीला आणि मुलालाही हात धुवून जमिनीवर मांडी घालून बसवा. मानेखाली हात कसा द्यायचा ते दाखवा, बाळाच्या आईला विचारा आणि बाळ त्यांच्या मांडीवर द्या. रडलं तर लगेच काढून घेऊ नका, मिनिटभर त्यांना काय सुचतं ते पाहा. तुम्ही शेजारीच बसा.